व्हेनेझुएलाचा नाताळ स्केट्सवर नव्हे, केळीच्या पानात

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘देशोदेशीचा नाताळ’ असा एक चौकोन हमखास येतो. त्यात व्हेनेझुएलाच्या वाट्याला दरवर्षी तीच वाक्यं येतात : काराकासमध्ये लोक रोलर स्केट्स घालून चर्चला जातात, मुलं रात्री पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून तिचं टोक खिडकीबाहेर सोडतात, पहाटे जाणारे-येणारे ती ओढून त्यांना जागं करतात. वाचायला मजा येते, पण एवढ्यावर त्या देशाचा नाताळ आटोपणं म्हणजे लग्नाचं वर्णन करताना फक्त वरातीतल्या घोड्याबद्दल लिहिण्यासारखं आहे.

आधी स्केट्सचंच बघू. पातिनाता नावाची चाल तिथे होती, यात खोटं काही नाही. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस पहाटे ‘मिसास दे आगिनाल्दो’ म्हणजे नाताळगीतांच्या प्रार्थना होतात. त्या दिवसांत रात्री आणि पहाटे शहरातले काही रस्ते वाहनांना बंद करायचे आणि पोरंटोरं, तरुण मंडळी तिथे लोखंडी चाकांचे, पट्ट्यांनी बुटाला बांधायचे स्केट्स घालून हुंदडायची. प्रार्थना झाली की रस्त्यावरच गरम चॉकलेट आणि अरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी. गेल्या शतकाच्या मध्यावरची ही शहरी हौस होती. पुढे रात्रीबेरात्री रस्त्यावर राहणं धोक्याचं झालं आणि ती ओसरली; आता कुठे कुठे नगरपालिका हौसेने भरवतात. आजोबा-आजी स्केट्सवरून देवळात निघाले आहेत असं चित्र मात्र कृपा करून रंगवू नये.

त्या देशाचा नाताळ खरोखर ज्यात बांधलेला असतो, ती गोष्ट म्हणजे अयाका. स्पॅनिशमध्ये तिच्या नावातला ‘ह’ उच्चारला जात नाही आणि जोड ‘ल’चा ‘य’ होतो. त्यामुळे आपल्याकडे छापलं जाणारं ‘हल्लाका’ चूक. मक्याच्या पिठाची पातळ पारी, तिच्यात मांसाचा शिजवलेला रस्सा, वर ऑलिव्ह-बेदाणे, सगळं केळीच्या पानात गुंडाळून, दोऱ्याने बांधून उकडलेलं. ‘मक्याचा तमाल’ असं तिचं वर्णन बरेचदा येतं, तेही अर्धंच बरोबर. तमाल म्हणजे मेक्सिकोतला पानात गुंडाळून वाफवलेला मक्याचा पदार्थ. त्यासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, अयाकाच्या पिठात चुना नसतो. शिवाय तमालमध्ये पीठ मुख्य, तर अयाकामध्ये पीठ हे नुसतं वेष्टन. पारी जाड झाली की करणाऱ्याला नावं ठेवली जातात.

पन्नासाच्या खाली अयाका करायला कुणी बसत नाही. एवढ्या खटाटोपात दहा करा नाहीतर पन्नास करा, ओटा तेवढाच माखतो. म्हणून काम दोन दिवसांत वाटलेलं असतं.

पहिला दिवस रश्श्याचा. त्याला गीसो म्हणतात. पन्नास नगांना साधारण चार किलो मांस लागतं : दोन किलो डुकराचं, एक किलो गाईचं, एक किलो कोंबडीचं. कोंबडी वेगळी उकडून तिचं पाणी राखून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पीठ त्यातच भिजतं. कांदा, लसूण, लीक नावाची जाड कांद्याची पात, लाल ढोबळी मिरची, टोमॅटो हे सगळं बारीक चिरून परतायचं. त्यात आही दुल्से ही मिरची हवीच. दिसायला ती जगातल्या अतिजहाल मिरच्यांच्या बहिणीसारखी, वासही तसाच, पण तिखटपणा जवळजवळ शून्य. व्हेनेझुएलाच्या स्वयंपाकाला जो ओळखू येणारा वास आहे तो हिचाच. ती नसेल तर ढोबळी मिरचीने रंग येतो, वास येत नाही. मग मांस, केपरच्या कळ्या, थोडी वाइन आणि पापेलोन. पापेलोन म्हणजे आपला गूळच, फक्त शंकूच्या साच्यातला. शेवटी थोडं मक्याचं पीठ पाण्यात कालवून लावायचं म्हणजे रस्सा दाटतो. पळी उलटी केली तर गोळा सावकाश घसरावा, ओघळू नये. इथे पातळपणा राहिला तर दुसऱ्या दिवशी पारीतून पाणी सुटतं आणि घडीच्या खाचेतून बाहेर येतं.

रस्सा रात्रभर पूर्ण गार झालाच पाहिजे. इथे घाई करणारे फसतात. कोमट रश्श्याने पिठातली चरबी वितळते, पारी पानावर सरकते आणि घडी घालताना फाटते. शिवाय कोमट सारण पानात कोंडून तासन् तास ओट्यावर राहिलं की आंबतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानं. केळीचं ताजं पान तसंच दुमडलं तर शिरेवर चरकन् फाटतं. म्हणून ते आधी विस्तवावरून फिरवून नरम केलेलं असतं. बाजारात अशी धुरावलेली पानांची भेंडोळी वजनावर मिळतात. त्या धुराचा वास पुढे पिठात उतरतो आणि तो हवाच असतो. घरी आल्यावर मधला दांडा पान न कापता सुरीने काढायचा, दोन्ही बाजू ओल्या फडक्याने पुसायच्या आणि कोरड्या करायच्या. पुसायचं काम कंटाळवाणं असल्याने ते घरातल्या सगळ्यात लहान किंवा सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. मग पानांची तीन ढिगांत वाटणी : मोठं पान साधारण ३० बाय ४० सेंटीमीटरचं, त्याहून लहान दुसरं पान आणि कमरपट्ट्यासारखी अरुंद पट्टी. पन्नास अयाकांना तिन्ही पन्नास-पन्नास आणि वर पाच-सहा जादा, कारण काही फाटणारच.

आता पीठ. पूर्वी मका उखळात सडून, शिजवून, जात्यावर दळावा लागे. त्यातच एक दिवस जाई. लुईस काबायेरो मेहीयास या इंजिनिअरने शिजवलेल्या मक्याचं कोरडं पीठ करण्याची पद्धत शोधून १९५४ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि १९६० मध्ये ‘आरिना पान’ या नावाने ते पीठ बाजारात आलं. दाण्याचं साल आणि अंकुर काढून, तो शिजवून, चपटा करून वाळवून मग दळतात. पिष्ट आधीच शिजलेलं असल्यामुळे पाणी घातल्याबरोबर पीठ धरतं. साध्या मक्याच्या पिठाला हे जमत नाही, ते भिजवलं तर भुगा होतो. परदेशात पहिल्यांदा अयाका करणारे बहुतेकजण इथेच आपटतात.

पन्नास नगांना अडीच ते तीन किलो पीठ पुरतं. किलोला पाव किलो डुकराची चरबी किंवा तेल, आणि त्यात आधी ओनोतोचा रंग उतरवायचा. ओनोतो म्हणजे आपल्याकडची शेंद्री. कपभर तेलाला दोन-तीन चमचे बिया, अगदी मंद आचेवर, तेल केशरी झालं की लगेच खाली. बिया काळ्या पडू लागल्या की रंग मळकट आणि चव कडू. ते तेल मग सरळ फेकून द्यावं, कारण ते कशानेही सुधारत नाही. पिठात मीठ, हे तेल आणि कोंबडीचं कोमट पाणी घालून मळायचं, दहा मिनिटं झाकून ठेवायचं, पुन्हा मळायचं. लिंबाएवढी गोळी तळहातावर दाबून बघावी : कडा चिरल्या तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त.

मग टेबलाभोवती साखळी लागते. पहिला माणूस मोठ्या पानाच्या गुळगुळीत बाजूला रंगीत तेलाचं बोट फिरवतो. तेल कंजूषपणे लावलं तर खाताना पारी पानालाच चिकटून येते. दुसरा संत्र्याहून थोडा लहान, सव्वाशे ग्रॅमचा गोळा मधोमध ठेवून बोटांनी गोल थापतो, इतका पातळ की खालच्या पानाच्या शिरा अंधूक दिसाव्यात. तिसरा मध्ये दोन मोठे चमचे गीसो घालतो. चौथ्याकडे सजावट : ऑलिव्ह, बेदाणे, केपर, लाल मिरचीची पट्टी, कांद्याची चकती, काराकासकडे सोललेला बदाम. हे काम मुलांना देतात आणि मग एका अयाकात पाच ऑलिव्ह आणि दुसरीत एकही नाही असं होतं.

घडी घालताना पानाच्या दोन्ही लांब कडा एकत्र धरून वर उचलायच्या, म्हणजे पारीच्या कडा आपोआप एकमेकींवर येऊन सारण झाकतं. त्या धरलेल्या कडा दुमडत खाली आणायच्या, मग दोन्ही टोकं मागे वळवायची. हे पुडकं दुसऱ्या पानावर आडवं ठेवायचं. आडवं एवढ्यासाठी की केळीचं पान शिरेच्या दिशेने फाटतं. दोन पानांच्या शिरा एकमेकींना छेदत असल्या तर एकाची चीर दुसरं झाकतं. पट्टी मधोमध, आणि वरून पाबिलो, म्हणजे जाड सुती दोरा, एकेकीला दीड-दोन मीटर. तीन वेढे उभे, तीन आडवे, शेवटी फुलासारखी गाठ. फार करकचून आवळलं तर दोरा पान कापतो आणि सैल राहिलं तर पाणी शिरतं. घरात एखादाच बांधणारा खरा तरबेज असतो आणि बाकीचे त्याच्या ढिगाकडे बघत बसतात.

मिठाच्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून पाऊण ते एक तास. वर तरंगणाऱ्यांवर थाळी उलटी ठेवायची. बाहेर काढून पसरट ठेवू नयेत, उभ्या तिरक्या लावून ठेवाव्यात, म्हणजे घडीतलं पाणी निथळतं. आडव्या रचल्या तर तेच पाणी आत मुरतं आणि दुसऱ्या दिवशी पारी लिबलिबीत लागते. गार झाल्या की फ्रिजमध्ये. खायच्या वेळी पुन्हा पंधरा-वीस मिनिटं उकळायच्या. उरलेलं पीठ आणि उरलेला रस्सा एकत्र मळून लहान वळकट्या करतात, त्यांना बोयो म्हणतात. कामाच्या रात्री करणाऱ्यांच्या पोटात पहिल्यांदा तेच जातात.

हे झालं काराकास आणि देशाच्या मधल्या भागाचं. पश्चिमेकडच्या अँडीज डोंगरात, मेरिदा-ताचिराकडे, सारणात हरभरे असतात आणि मांस कच्चंच, बारीक चिरून, रात्रभर मसाल्यात मुरवून भरतात. मग उकडायलाही जवळजवळ दुप्पट वेळ. पूर्वेकडे उकडलेल्या अंड्याची आणि बटाट्याची चकती येते. कोणाची खरी, यावर तिथे वाद मिटत नाही आणि ‘सगळ्यात चांगली अयाका माझ्या आईची’ या म्हणीवर तो थांबवतात. रोमुलो बेतांकूर या त्यांच्या एका माजी अध्यक्षांनी तिला ‘बहुचवी’ म्हटलं होतं, तो शब्दही अजून लोकांच्या तोंडी आहे.

पुरवण्यांमध्ये कधी अयाकाचा उल्लेख आलाच तर सोबत एक कहाणी येते : मालकाच्या मेजवानीतलं उष्टं-उरलेलं गुलामांनी पानात गुंडाळलं, त्यातून अयाका जन्मली. ही कहाणी व्हेनेझुएलातही सांगतात, पण ती तपासून घ्यावी. मक्याचं पीठ पानात बांधून शिजवण्याची रीत त्या सबंध खंडात स्पॅनिश लोक यायच्या आधीपासूनची आहे. त्यात जहाजातून आलेले ऑलिव्ह, बेदाणे आणि केपर मिसळले, हे खरं. पण पन्नास पानं पुसून, दोन दिवस राबून करायच्या पदार्थाला ‘उरलंसुरलं’ म्हणणाऱ्याने तो कधी केलेला नसावा.

२४ तारखेच्या मध्यरात्री ताटात अयाकाच्या शेजारी तिघे ठरलेले असतात : भाजलेली डुकराची मांडी, बटाटा-गाजर-सफरचंद आणि मेयोनीज घातलेली कोंबडीची कोशिंबीर, आणि पान दे हामोन. हा हॅमचा गुंडाळलेला पाव १९०५ च्या सुमारास काराकासच्या एका बेकरीत सुरू झाला असं मानलं जातं. तेव्हा आत नुसतं हॅम होतं, बेदाणे आणि ऑलिव्ह नंतर आले. करताना एकच लक्षात ठेवायचं : भट्टीत घालण्याआधी काट्याने वरून टोचे मारावेत. नाहीतर हॅमची वाफ कोंडते, पाव बाजूने फुटतो किंवा कापल्यावर सारण आणि पाव यांच्यामध्ये बोगदा दिसतो.

गोडाला हिरव्या पपईचा मुरांबा, दुल्से दे लेचोसा. पपई टणक कच्चीच हवी; जराशी पिकलेली घेतली की तिचा जॅम होतो. लांब पट्ट्या कापून खायचा सोडा घातलेल्या पाण्यात तास-दोन तास ठेवतात, त्याने बाहेरून कडकपणा येतो. तीन-चार पाण्यांनी धुतल्या नाहीत तर साबणाची चव लागते. मग गुळाच्या पाकात लवंगा घालून पट्ट्या पारदर्शक, तपकिरी होईपर्यंत मंद आचेवर.

गाण्याबद्दल दोन शब्द, कारण तेही चौकोनात कधी येत नाहीत. सुलिया प्रांतातल्या माराकायबोमध्ये गायता नावाची गाणी १८ नोव्हेंबरच्या चिकिन्किराच्या मातेच्या जत्रेआधीच सुरू होतात आणि नाताळभर सबंध देशात वाजतात. त्यांचा जीव फुरो या वाद्यात असतो. ढोलाच्या कातड्याच्या मधोमध एक काठी उभी बसवलेली. वाजवणारा हाताला मेण लावून ती वरून खाली घासतो आणि ढोलातून रेड्याच्या हंबरण्यासारखा खर्ज निघतो. सोबत चार तारांचं क्वात्रो, माराका म्हणजे खुळखुळे आणि खरवडून वाजवायची चारास्का. विषय भक्तीचा असतोच, पण पाणीटंचाई आणि सरकारचा नाकर्तेपणाही असतो. ८ नोव्हेंबर हा गायता गाणाऱ्यांचा दिवस पाळतात. १९६९ मध्ये त्या दिवशी गायक रिकार्दो आगिर्रे गेला.

‘आगिनाल्दो’ या शब्दाचाही घोटाळा होतो. तो नाताळगीताला वापरतात आणि वर्षअखेरच्या बोनसलाही. २०१२ च्या कामगार कायद्याप्रमाणे मालकाने नफ्यातून वाटायची रक्कम निदान तीस दिवसांच्या पगाराएवढी हवी. पूर्वी हा पैसा हातात पडला की पानं, ऑलिव्ह, मांस यांची खरेदी व्हायची. पण बोलिव्हार या तिथल्या चलनावरून २००८ मध्ये तीन, २०१८ मध्ये पाच आणि २०२१ मध्ये सहा शून्यं पुसली गेली. अशा चलनातल्या तीस दिवसांच्या पगारात पन्नास अयाका बसत नाहीत. म्हणून सारणात कोंबडीच जास्त, बदाम बाद, ऑलिव्ह एकीत एक. नातेवाईक वर्गणी काढतात, कुणी पीठ आणतो, कुणी पानं. २०२४ मध्ये तर तेव्हाचे अध्यक्ष मादुरो यांनी नाताळ १ ऑक्टोबरपासून सुरू झाल्याचं जाहीर केलं. तिथल्या बिशपांनी नाताळ २५ डिसेंबरला सुरू होतो, याची आठवण करून दिली. सत्तर लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले आहेत. बोगोटा, लिमा, सान्तियागो, माद्रिद इथल्या स्वयंपाकघरांत डिसेंबरमध्ये गोठवलेली केळीची पानं वितळत ठेवलेली दिसतात. गोठवलेलं पान वितळल्यावर पुन्हा विस्तवावरून फिरवावं लागतं, नाहीतर ते ओलं राहतं आणि घडीत चिरतं.

आणखी एक. तिथे मुलांना भेटी आणणारा मुख्यतः सांता नव्हे, निन्यो हेसूस, म्हणजे बाळ येशू. पत्रंही त्यालाच लिहितात. घरातल्या देखाव्यात गव्हाणी २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते. पुढचा भाग अँडीजमध्ये बघावा. नाताळानंतर निजलेल्या बाळाला ‘उभं’ करण्याचा विधी तिथे घरोघरी होतो, त्याला पारादुरा म्हणतात. कधी शेजारी मूर्ती गुपचूप ‘चोरून’ नेतात, मग गाणाऱ्यांसह दारोदार शोध. सापडलेल्या बाळाला रेशमी रुमालात ठेवून चार मानलेले आईबाप चार टोकं धरतात, मागे मेणबत्त्या, पुढे व्हायोलिन आणि क्वात्रो. घरी आणून मूर्ती देखाव्यात उभी केली की वाइन आणि स्पंज केक वाटतात. ज्याच्या घरी बाळ ठरल्या दिवसापर्यंत निजलेलंच राहिलं, त्याच्याकडे वर्ष वाईट जातं असं मानतात. तो शेवटचा दिवस म्हणजे २ फेब्रुवारी. तेव्हा आपल्या पुरवणीतला व्हेनेझुएलाचा चौकोन २५ डिसेंबरलाच उरकायची घाई नाही. पुढचे पाच आठवडे तो चालेल.

आपले,
लॅटिन अमेरिकेच्या खाद्यसंस्कृतीचे दोन अभ्यासक